सहा तासांची नोकरी

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून हा दिवस. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी कार्यक्रम होतात. आमदार येतात, पोलीस निरीक्षक येतात, साखर कारखान्याचा एखादा संचालक येतो. शाल, श्रीफळ, डायरी, पेन. भाषणांत लोकशाहीचा चौथा स्तंभ किमान चार वेळा उभा केला जातो. अलीकडे त्यात मोफत आरोग्य तपासणी शिबिराची भर पडली आहे. सभागृहाच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर रक्तदाब मोजायचे यंत्र आणि रांगेत चाळिशीतले पत्रकार. रक्तदाब वाढलेला असतोच. डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, झोप पूर्ण घ्या, ताण घेऊ नका. पत्रकार मान हलवतो आणि त्याच कार्यक्रमाची बातमी पाठवायला बाहेर पळतो.

‘ताण घेऊ नका’ या सल्ल्यालाच माझा आक्षेप आहे. ताण म्हणजे जणू चहा, हवा तर घ्यावा, नको तर राहू द्यावा! न्यूजरूममध्ये ताण कोणी हौसेने घेत नाही. तो वरून दिला जातो. ड्युटीचा तक्ता लावून दिला जातो, तिघांचे काम एकाकडे सोपवून दिला जातो, आणि मी पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे देशाचा कायदा मोडून दिला जातो. त्यावर प्राणायाम आणि सकाळचे चालणे सुचवणारे व्याख्याते बोलावले की मालकाची जबाबदारी संपते. दोष थकणाऱ्याच्या माथी.

गेली काही वर्षे मी भेटेल त्या पत्रकाराला एक प्रश्न विचारतो. कायद्याने तुझी ड्युटी किती तासांची? बहुतेक जण ‘आठ’ म्हणतात. काही ‘नऊ’ म्हणतात. वाहिनीतले नुसते हसतात. बरोबर उत्तर मला आजवर दोघांनीच दिले, आणि ते दोघेही निवृत्त झालेले होते.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिले होते की सलग चार आठवड्यांत पत्रकाराकडून १४४ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येणार नाही, आणि दर सात दिवसांत त्याला सलग २४ तासांची विश्रांती द्यावी लागेल. १४४ भागिले चार, म्हणजे आठवड्याला ३६ तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला सहा. १९५७ च्या नियमांनी ते आणखी स्पष्ट केले. जेवणाची सुट्टी सोडून दिवसपाळी सहा तासांची, रात्रपाळी साडेपाच तासांची. रात्रपाळी एका वेळी आठवड्याहून जास्त नाही, आणि चौदा दिवसांत एकच आठवडा.

वाचून गंमत वाटते ना? हे कोणा लाल बावट्याच्या युनियनचे मागणीपत्रक नव्हते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला, त्याच्या शिफारशींतून संसदेने हा कायदा केला. तेव्हा शिशाचे खिळे जुळवून पान लागत होते. मोबाइल नव्हता, व्हॉट्सॲप नव्हते, दर मिनिटाला बदलणारी ब्रेकिंगची पट्टी नव्हती. माणूस एकदा घरी पोचला की दुसऱ्या दिवसापर्यंत संपादकाच्या हाती लागत नव्हता. तरीही सहा तास. आज त्याच कामाला मशीनगनचा वेग आला आहे आणि तास दुप्पट झाले आहेत.

कोणी म्हणेल, तो कायदा आता कुठे राहिला? तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विरघळला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही कामगार संहिता लागू झाल्या. खरे आहे. पत्रकारांसाठी स्वतंत्र वेतन मंडळ नेमण्याची जुनी सोय त्यात गेली, आणि ते नुकसान मोठे आहे. पण १४४ तासांची मर्यादा आणि आठवड्याची २४ तासांची विश्रांती नव्या संहितेतही तशीच आहे. उलट जुन्या कायद्यात फक्त वृत्तपत्रे होती, नव्या व्याख्येत वाहिन्या आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले. म्हणजे मर्यादा मेलेली नाही. ती रोज, प्रत्येक शहरात, प्रत्येक मजल्यावर मोडली जाते आणि तिची बातमी होत नाही, कारण बातमी करणारेच ती मोडणाऱ्यांच्या पगारावर आहेत.

मी एका मराठी वाहिनीच्या संकेतस्थळावर चार वर्षे काढली. कागदावर नऊ तास, प्रत्यक्षात अकरा. आत जाताना अंगठा लावायचा, बाहेर पडतानाही लावायचा. महिनाअखेरीला यंत्रातून फक्त उशिरा आल्याची मिनिटे निघत आणि पगारातून कापली जात. उशिरा गेल्याचे तास त्या यंत्राला कधी दिसले नाहीत. भिंतीवर मोठी स्क्रीन. कोणती बातमी या क्षणी किती जण वाचताहेत ते आकडे त्यावर नाचत. दिवसाला बारा बातम्यांचे टार्गेट. बारा बातम्या म्हणजे एका बातमीला पाऊण तास, त्यातच वाचणे, लिहिणे, फोटो शोधणे, मथळ्यात शोधशब्द बसवणे. फोन करून खात्री करायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला तेव्हा उत्तर मिळाले, ‘दुसऱ्यांनी लावलीय ना? मग लाव.’

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही फोन बंद ठेवायची सोय नव्हती. ग्रुपवर ‘कोण आहे?’ असा संदेश पडला की ज्याचा निळा टिक आधी दिसेल तो अडकला. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी दहा मिनिटे जागेवरून उठायचे, तर शेजारच्याला आधी विनवणी. तो शेजारचा बिचारा भला होता. माझ्या वाटणीची पट्टी तो चालवायचा आणि मी एक खजूर त्याच्या कीबोर्डजवळ ठेवायचो. पण ही सोय दोन थकलेल्या माणसांची आपसातली होती, कंपनीची नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तो आजार म्हणून नोंदवला नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवला. त्याची तीन लक्षणे सांगितली. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. न्यूजरूममध्ये या तिन्हींना जुने शब्द आहेत. पहिल्याला आम्ही ‘पकलोय’ म्हणतो, तिसऱ्याला ‘पाट्या टाकतोय’. दुसरे लक्षण ऐकायचे असेल तर अपघाताची बातमी येते तेव्हा डेस्कजवळ उभे राहा. ‘किती गेले?’ ‘तीन.’ ‘तीनच? मग आत घे.’ हे बोलणारा राक्षस नसतो. त्याच्या घरीही म्हातारी आई असते. त्याने गेल्या सहा वर्षांत इतके मृतदेह मोजलेले असतात की आकडा मोठा असल्याशिवाय त्याच्या आत काही हलत नाही.

याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करण्याशी संबंधित पक्षाघात आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे मेली. ५५ तास! आपल्याकडच्या वाहिनीतल्या पोराला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, म्हणजे सुट्टी धरून का?

जपानमध्ये तर याला स्वतंत्र शब्द आहे, कारोशी, कामाच्या अतिरेकाने आलेले मरण. जुलै २०१३ मध्ये तिथल्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची राजकीय बातमीदार मिवा सादो टोकियोत हृदय बंद पडून गेली. वय ३१. टोकियो विधानसभेची निवडणूक आणि पाठोपाठ संसदेच्या वरच्या सभागृहाची निवडणूक तिने कव्हर केली होती. मरणाआधीच्या एका महिन्यात तिने १५९ तास जादा काम केले होते. पुढच्या वर्षी कामगार खात्याने हा मृत्यू अतिकामामुळेच झाल्याचे मान्य केले. एनएचके जपानमधल्या इतर कंपन्यांतल्या कारोशीच्या बातम्या दाखवत राहिली, स्वतःच्या बातमीदाराची बातमी मात्र तिने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केली. चार वर्षांनी. निदान तिथे कामगार खात्याने तास मोजले, म्हणून १५९ हा आकडा तरी आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे पत्रकार गेला की ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ एवढेच लिहिले जाते. त्याच्या मागच्या महिन्याचे तास कोणी मोजत नाही. ‘अत्यंत मनमिळाऊ आणि सदैव कामात व्यग्र’ असा श्रद्धांजलीचा मजकूर ग्रुपवर फिरतो. सदैव कामात व्यग्र! गुन्ह्याचा पुरावा आपण हाताने लिहितो आणि खाली हार घातलेला फोटो लावतो.

आता मला माझ्या वाट्याच्या गोष्टीकडे यायचे आहे. मुस्लिम पत्रकाराची ड्युटी या सगळ्यांच्या वर आणखी एक असते, आणि तिची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

२००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी केली होती. मुस्लिमांचे प्रमाण त्यात चार टक्क्यांच्या आसपास निघाले. मराठीचे मी माझ्या अनुभवापुरते सांगतो. ज्या दोन ठिकाणी नोकरी केली, तिथे संपादकीय विभागात मी एकटा होतो. एकटा असलात की तुम्ही उपसंपादक राहत नाही, तुम्ही ‘तुमचे लोक’ होता. तलाकचा कायदा आला, तुमच्या लोकांचे काय म्हणणे आहे? बकरी ईद आली, तुमच्याकडे नेमके काय असते ते दोनशे शब्दांत दे. स्फोट झाला की कोणी काही म्हणत नाही, फक्त माना एकदा तुमच्याकडे वळतात आणि परत स्क्रीनकडे जातात. त्या एका वळण्याचा थकवा अकरा तासांच्या ड्युटीपेक्षा जास्त असतो.

आणि मग शब्दांची लढाई. लव्ह जिहाद, लँड जिहाद, कोरोना जिहाद, २०२४ च्या निवडणुकीत व्होट जिहाद. मथळ्यात हा शब्द आला की मी त्याला एकेरी अवतरणचिन्हे लावायचो. वरचा काढायचा. मी ‘कथित’ घालायचो. वरचा म्हणायचा, मथळा लांब होतो. दिवसातून तीनदा, चारदा, दोन छोट्या स्वल्पविरामांसाठी वाद. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण चार वर्षे रोज दोन चिन्हांसाठी भांडून बघा. शेवटी एक संध्याकाळ अशी येते की चिन्हे न लावता तुम्ही ‘पब्लिश’ दाबता आणि पुढच्या बातमीला लागता. माझ्या दृष्टीने बर्नआउटची खरी तारीख ती.

३१ जुलै २०२३. जयपूरहून मुंबईला येणाऱ्या सुपरफास्ट गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने पहाटे आपल्या वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांत गाठून तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. सकाळी चित्रफीत आली. जमिनीवर पडलेला माणूस, शेजारी बंदूक घेऊन भाषण देणारा वर्दीतला जवान, आणि मागे बसलेले प्रवासी. मी सकाळच्या पाळीत होतो. फीत दाखवता येईल का, कुठपर्यंत दाखवता येईल, आवाज ठेवायचा का, चेहरा धूसर कुठून करायचा, हे ठरवण्यासाठी ती पुढे-मागे करत बघावी लागते. किती वेळा बघितली मोजले नाही. दाढीचा पांढरा भाग नीट झाकला गेला नाही म्हणून एकदा परत. आवाजाचा एक तुकडा राहून गेला म्हणून पुन्हा. त्यानंतर त्याच घटनेवर सात बातम्या: जवान कोण, मानसिक स्थिती कशी, मंत्री काय म्हणाले, कोणी निषेध केला. दुपारी मी पाळी संपवून लोकलने घरी निघालो तेव्हा डब्यात एक गणवेशधारी चढला. माझी काही भीती उरली नव्हती आणि कुठलाच राग उरला नव्हता. मी फक्त खाली बघत होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीचा तक्ता आठवत होतो.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी युद्धभूमीवरच्या १४० बातमीदारांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांच्यापैकी २८ टक्क्यांहून जास्त जणांना आयुष्यात कधी ना कधी आघातानंतरच्या तणावविकाराने गाठले होते. पुढे २०१४ मध्ये त्यांनी डेस्कवर बसून लोकांनी पाठवलेल्या हिंसेच्या चित्रफिती हाताळणाऱ्या ११६ पत्रकारांचा अभ्यास केला. हे लोक युद्धावर गेले नव्हते. तरीही हिंसेची दृश्ये जितक्या वारंवार समोर येत होती, तितकी चिंता, नैराश्य आणि आघाताची लक्षणे जास्त दिसली. एका बैठकीत किती तास पाहिले यापेक्षा कितीदा पाहिले हे महत्त्वाचे ठरले. मॉब लिंचिंगच्या फिती वर्षानुवर्षे कापत बसलेल्या भारतीय डेस्कवाल्यांना हे कोणी सांगितले आहे का? त्यातल्या ज्याला फितीतला मार खाणारा माणूस आपल्या मामूसारखा दिसतो, त्याला? आमच्याकडे अशा दिवसानंतर समुपदेशक तर सोडाच, ‘घरी जा, उद्या उशिरा ये’ एवढेही कोणी म्हणाले नाही. त्या दिवशीच्या आकड्यांबद्दल मात्र ग्रुपवर टाळ्यांची चित्रे आली होती.

बायकांच्या वाट्याला याहून वेगळे विष येते. २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. त्यांत पत्रकार महिला होत्या. नववर्षाच्या सकाळी स्वतःचा फोटो तिथे बघायचा, तक्रार नोंदवायची, आणि मग आपल्याच लिलावाची बातमी करायची. या कामाचे तास कोणत्या रकान्यात धरायचे?

इथे माझ्या मोहल्ल्यातून एक आक्षेप येतो आणि तो मला रोज ऐकावा लागतो. ‘मीडियाने आपले वाटोळे केले आणि तू त्यांच्या थकव्याचे रडगाणे गातोस? मरू देत की!’ राग समजू शकतो. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि पुढचे काही आठवडे देशभरच्या वाहिन्यांनी टोपी-दाढीला विषाणूचा चेहरा दिला. भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांच्या प्रचारावर सरळ बोट ठेवले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

द्वेषाची लाइन थकव्यातून जन्मत नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. ती वातानुकूलित खोलीत, आठ तास झोपलेली माणसे ठरवतात. पण ती लाइन खाली राबवायला कोण लागते? ज्याला उलटा प्रश्न विचारायला ताकद उरलेली नाही असा माणूस. आठवून बघा, मरकजच्या बातम्या चालू होत्या त्याच महिन्यांत काय चालले होते. वृत्तपत्रांच्या आवृत्त्या बंद होत होत्या, पगार कापले जात होते, लोकांना फोनवरून राजीनामे मागितले जात होते. पत्रकारांच्या संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिलमध्ये मुंबईत एका तपासणीत पन्नासहून अधिक पत्रकार बाधित निघाले. सप्टेंबरमध्ये पुण्यात एका वाहिनीचा तरुण बातमीदार वेळेवर साधी सुसज्ज रुग्णवाहिका न मिळाल्याने गेला. अशा घाबरलेल्या, अर्ध्या झालेल्या डेस्कवर आलेली प्रत जशीच्या तशी पुढे जाते. मशिदीच्या ट्रस्टला फोन लागत नाही. ‘सूत्रांनुसार’ला सूत्र कोण, असे कोणी विचारत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. अटकेची बातमी पोलिसांच्या पत्रकार परिषदेत वीस मिनिटांत मिळते. निर्दोषपणाची बातमी मिळवायला कुणाला तरी दहा वर्षे तारखांना जाऊन बसावे लागते. आज कोर्टाचा बीट सांभाळणाऱ्याकडेच महापालिका असते, शिक्षण असते आणि संध्याकाळी एक व्हिडिओ करून द्यायचा असतो. तो तारखेला कसा जाणार? कोणी खबर आणली तर आधी तपासून घ्या, ही कुरआनची ताकीद जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकतो. तपासायला वेळ लागतो. तोच वेळ मालकाने कापून घेतला आहे. पत्रकाराच्या त्या चोरीला गेलेल्या तासांची किंमत सर्वांत आधी आपल्या मोहल्ल्याने मोजली आहे, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

शहरातल्या डेस्कविषयी इतके लिहिले, पण खरी दैना तालुक्याच्या वार्ताहराची. त्याला पगार नाही, मानधन. अनेकांना तेही नाही, ओळखपत्र आणि जाहिरातीचे कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, १५ ऑगस्ट, भाऊंचा वाढदिवस, प्रत्येकाला जाहिरातीचा आकडा ठरलेला. ज्या सरपंचाच्या रस्त्याची बातमी करायची, त्याच्याकडूनच पाव पानाची जाहिरात आणायची. ईदच्या शुभेच्छांची जाहिरात कोणत्या नगरसेवकाकडून येते ते बघितले की त्या नगरसेवकाविषयी वर्षभर काय छापून येणार नाही तेही कळते. जाहिरातीचे पैसे पार्टीने बुडवले तर वार्ताहराच्या खिशातून. मी अशी माणसे बघितली आहेत ज्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून पुरवणी पूर्ण केली. त्यात खरी बातमी केली तर राजापूरच्या शशिकांत वारिशे यांच्यासारखे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिफायनरीच्या जमिनींशी संबंधित माणसाची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. हल्ल्यांपासून संरक्षण देणारा कायदा राज्याने २०१७ मध्येच केला होता.

मालकांकडे दोन युक्तिवाद असतात. पहिला, पैसे नाहीत. मजिठिया वेतन मंडळाने वृत्तपत्रांची वर्गवारी उलाढालीनुसार केली होती, लहान पत्राला लहान वेतनश्रेणी. नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचना निघाली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१४ मध्ये हरले. मग शिफारशींतल्या २०(जे) या कलमाचा आधार घेऊन कर्मचाऱ्यांकडून ‘आम्हाला आहे तोच पगार मान्य आहे’ अशा कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. जून २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले की मंडळापेक्षा कमी पगार देण्यासाठी या कलमाचा वापर करता येणार नाही. तोवर ज्यांनी मागितले त्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या होत्या ते त्यांनाच विचारा. पैसे नसणारा माणूस इतकी वर्षे वकिलांवर खर्च करत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त विषारी, कारण तो गोड आहे. पत्रकारिता हे व्रत आहे. जांभेकर, टिळक, आंबेडकर यांचे फोटो मागे लावून हे सांगितले जाते. बाळशास्त्री चौतिसाव्या वर्षांच्या आसपास गेले, हेही अभिमानाने सांगितले जाते. पण ती माणसे स्वतःच्या पत्राची धोरणे स्वतः ठरवत होती, स्वतःच्या विचारासाठी झिजत होती. वर्षाच्या कंत्राटावर सही केलेल्या पोराने कोणाचे व्रत पाळायचे? अभिनेत्रीच्या साडीवरच्या बाराव्या बातमीचे?

आणि आपल्या घरातही हेच चालते, फक्त शब्द वेगळा आहे. खिदमत. गेल्या काही वर्षांत मुस्लिमांच्या प्रश्नांवर पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्या निघाल्या. चांगले आहे, गरज होती. पण त्यातल्या एका चालकाने माझ्याकडून सहा महिने अनुवाद करून घेतले आणि पैशांचा विषय काढल्यावर ‘कौम का काम है भाई, सवाब मिलेगा’ म्हणून खांद्यावर हात ठेवला. ऑफिसला एसी होता, कॅमेरे नवे होते, इफ्तार पार्टीला दोनशे पाने उठली होती. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आहे. माझा घाम वाळून चार वर्षे झाली. सवाबचा हिशेब अल्लाहकडे आहे, तो त्याने बघावा. अनुवादाचा हिशेब त्या चालकाकडे आहे.

पत्रकार संघटनांना मी इतकेच म्हणेन की शिबिरे भरपूर झाली. कामगार आयुक्तांकडे एक अर्ज द्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमसंस्थेचा हजेरीपट मागवा. अंगठ्याचे यंत्र आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची, दोन्ही वेळा नोंदवते. आकडे तयार आहेत, कोणी मागितलेले नाहीत इतकेच. आणि जो अजून नोकरीत आहे त्याने आपले तास एका वहीत लिहावेत, तारखेसह, पेनाने. यंत्रातली नोंद कंपनीची असते, वही आपली.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून एका मुलीचा फोन आला. पत्रकारितेची पदवी घेतलेली, आईवडील विडी कामगार, घरातली पहिलीच अशी मुलगी. पुण्यात एका वाहिनीत नोकरी लागली होती. ‘सर, करू का?’ मी म्हणालो, कर, पण आधी नियुक्तिपत्र वाचून दाखव. तिने वाचले. पगार, प्रोबेशन, आणि मग कामाच्या वेळेचे कलम: ‘संस्थेच्या गरजेनुसार’. मी तिला १४४ तासांविषयी सांगितले, आठवड्याच्या २४ तासांविषयी सांगितले. हे कलम बदलून घ्यायला सांग, असेही म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सर, विचारलं तर नोकरी देतील का?’

तिला एक तारखेपासून रुजू व्हायचे आहे. पहिला महिना रात्रपाळी.